मागचा लाल दिवा : जुन्या फियाटला नवा एल.ई.डी. लावताना

गाडी चालवणाऱ्या माणसाला समोरचे सगळे दिसते. रस्ता, खड्डा, गतिरोधक, आडवे येणारे जनावर, मीटरवरचा काटा, पेट्रोलचा काटा. परंतु त्याच्याच गाडीचा एक भाग असा आहे की, तो चालवताना त्याला कधीच दिसत नाही. तो म्हणजे मागचा लाल दिवा. समोरचा दिवा गेला तर चालक त्याच रात्री गॅरेजवाल्याचे दार ठोठावतो, कारण त्याचे स्वतःचे अडते. मागचा दिवा गेला तर महिना-महिना पत्ता लागत नाही, कारण अडते ते मागून येणाऱ्याचे.

ही गोष्ट आम्हाला आवर्जून सांगावीशी वाटते, कारण आमचे गडमुडशिंगी गाव कोल्हापूर-हुपरी रस्त्यावर आहे. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. दुसरी पाळी संपवून रात्री घरी परतणारे कामगार याच परिसरातून मोटारसायकलने येतात. उसाचा हंगाम सुरू झाला की, याच रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या धावू लागतात. कोणी हुपरीच्या जवाहर कारखान्याकडे, कोणी कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याकडे. या गर्दीत आपली एखादी जुनी मोटार असते आणि तिच्या मागे कोणा कामगाराची मोटारसायकल. या दोघांमध्ये काय असते? एक लाल दिवा. म्हणून आजचा विषय.

फियाट अजून आहे

वाचकांपैकी अनेकांना मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवत असेल. ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीचाच तो भारतीय अवतार, म्हणून पद्मिनी असे नाव मिळाल्यावरही लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. तिचे उत्पादन थांबून आता दोन तपे उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. तिची थोरली बहीण अँबॅसडर. तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली थांबले.

टॅक्सी गेली, पण खासगी फियाट अजून कोणाकोणाच्या दारात आहे. काहींनी हौसेने ठेवली, काहींनी वडिलांची आठवण म्हणून, तर काहींनी नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून. आमच्या ओळखीच्या एका घरात अशीच एक पद्मिनी आहे. घरधनी फाउंड्रीतून निवृत्त झालेले टर्नर. थोरला मुलगा आय.टी.आय. झालेला. त्या मुलाने मागचे दिवे एल.ई.डी.चे करायचे ठरवले, तेव्हा हे काम वाटते तितके सोपे नाही आणि वाटते तितके अवघडही नाही, हे आम्हाला जवळून पाहायला मिळाले. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने मांडत आहोत.

तांबड्या ठिपक्याची कहाणी

एल.ई.डी. हा काही कालपरवाचा शोध नव्हे. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एल.ई.डी. अमेरिकेत निक होलोनियाक यांनी १९६२ साली तयार केला. पुढे कित्येक वर्षे तो रेडिओवर, टेपरेकॉर्डरवर, कारखान्यातल्या पॅनेलवर तांबडा ठिपका म्हणूनच आपण पाहिला. निळा एल.ई.डी. नव्हता म्हणून पांढरा उजेड मिळत नव्हता. तो निळा दिवा साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर घरातल्या ट्यूबलाइटची जागाही एल.ई.डी.ने घेतली, हे आपण पाहतोच आहोत. मोटारीच्या बाबतीत मात्र लाल दिवाच आधी हाती आल्यामुळे एल.ई.डी.चा शिरकाव मागच्या बाजूने, ब्रेकच्या दिव्यातून झाला.

ब्रेकच्या दिव्यात तो का चांगला? साध्या बल्बमध्ये बारीक तार असते. वीज गेली की ती तापते, लाल होते, मग पांढरी होऊन उजेड देते. या तापण्याला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. एल.ई.डी.मध्ये तार नाही, तापणे नाही. बटण दाबताच उजेड. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे किती, असे कोणी म्हणेल. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, तेव्हा हिशेबच मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरपेक्षा अधिक अंतर कापते. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे तीन मीटरांहून जास्त. मोटारसायकलची लांबी साधारण दोन मीटर. म्हणजे मागच्या मोटारसायकलवाल्याला एका मोटारसायकलीपेक्षा जास्त अंतर फुकटात मिळते. थांबणे आणि धडकणे यांतला फरक कित्येकदा एवढाच असतो.

दुसरा फायदा विजेचा. ब्रेकच्या साध्या बल्बला २१ वॅट लागतात. १२ व्होल्टने भागले की पावणेदोन अँपिअर. तीन वॅटच्या एल.ई.डी.ला पाव अँपिअर पुरे. जुन्या गाडीचा डायनॅमो, जुनी वायर, जुनी स्विचे, सगळ्यांवरचा भार हलका होतो. तिसरा फायदा म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर तार तुटून बल्ब उडण्याची कटकट नाही.

असे असले तरी नुसता बल्ब काढला आणि एल.ई.डी. खोचला की झाले, असे नाही. येथेच बहुतेकांचे चुकते.

आधी साफसफाई, मग खरेदी

पहिले काम एक पैसाही न खर्च करता करायचे आहे. मागच्या दिव्याची काच उतरवा. जुन्या गाडीत आत काय सापडते? धूळ, कोळिष्टके, पावसाच्या पाण्याचे डाग आणि होल्डरला चढलेला गंज. होल्डर ज्या पत्र्यावर बसतो त्या पत्र्यातूनच वीज परत बॅटरीकडे जाते. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थिंग’ म्हणतात. तेथे गंज असेल तर बॅटरीत १२ व्होल्ट असूनही बल्बपर्यंत १० च पोहोचतात. दोन व्होल्टने काय बिघडते, असे वाटेल. पण तारेच्या बल्बचे गणित निराळे आहे. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने उतरले की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो.

म्हणून होल्डर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा. अर्थिंगचा स्क्रू काढून खालचा पत्रा घासावा, स्क्रू पुन्हा घट्ट बसवावा. काच साबणाच्या पाण्याने धुवावी. आतला चंदेरी मुलामा उडाला असेल तर चंदेरी रंगाचा हात द्यावा. काचेखालचे रबर फाटले असेल तर नवे बसवावे, नाहीतर पहिल्याच पावसात पुन्हा पाणी शिरेल. एवढे करून जुनाच बल्ब लावून पाहावा. कित्येक गाड्यांचा प्रश्न येथेच मिटतो. ओळखीच्या त्या घरात एका बाजूचा दिवा मंद होता. अर्थिंग घासल्यावर तो जुन्याच बल्बवर लखलखला. मुलगा म्हणाला, ‘‘आबा, आता एल.ई.डी. लावायचा का नको?’’ आबा म्हणाले, ‘‘लाव की. पण उजेड कमी हुता म्हणून न्हवं, लवकर पेटतोय म्हणून लाव.’’ आमच्या मते आबांनी एका वाक्यात सगळे शास्त्र सांगितले.

खराब अर्थिंगची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा लुकलुकतो. विजेला घरी जायचा सरळ रस्ता मिळाला नाही की ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते, त्याचा हा परिणाम. अशा गाडीला एल.ई.डी. लावला तर गोंधळ वाढतो, कारण एल.ई.डी. अगदी थोड्या विजेवरही मिणमिणतो.

बल्ब निवडताना

मागच्या लाल दिव्यात बहुधा दुहेरी तारेचा एकच बल्ब दोन कामे करतो. ५ वॅटची तार रात्रभर मंद जळते आणि २१ वॅटची तार ब्रेक दाबला की झगमगते. या बल्बच्या बुडावरच्या दोन खिळ्या वर-खाली असतात. तो उलटा बसू नये म्हणून ही योजना. एल.ई.डी. घेताना हाच साचा, दुहेरी कामाचा आणि आपल्या गाडीच्या व्होल्टेजचा मागावा. जुना बल्ब खिशात घालून दुकानात जावे, म्हणजे वाद नको.

यानंतर चार गोष्टी तपासाव्यात.

एक. लाल काचेमागे लाल एल.ई.डी.च हवा. ‘पांढरा जास्त पॉवरफुल’ असे सांगून पुष्कळदा पांढरा गळ्यात मारला जातो. साध्या बल्बच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो, म्हणून लाल काचेतून तो छान लाल दिसतो. पांढरा एल.ई.डी. मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या लेपाचा थर दिलेला असतो. त्याच्या उजेडात गडद लाल फार थोडा. लाल काच बाकीचा उजेड अडवते आणि हाती येतो तो फिकट, गुलाबीसर दिवा. हाच नियम इंडिकेटरला. नारिंगी काचेमागे नारिंगी एल.ई.डी.

दोन. नंबरप्लेटचा दिवा विसरू नये. काही गाड्यांत आणि बहुतेक जुन्या स्कूटर-मोटारसायकलींत मागच्या दिव्याच्या खालच्या बाजूला एक पारदर्शक खिडकी असते आणि त्याच बल्बचा पांढरा उजेड नंबरवर पडतो. तेथे लाल एल.ई.डी. लावला तर नंबर लाल उजेडात बुडतो. अशा ठिकाणी नंबरसाठी वेगळा छोटा पांढरा दिवा द्यावा, किंवा साधा बल्बच राहू द्यावा.

तीन. उजेड चहूबाजूंनी पडला पाहिजे. साध्या बल्बची तार सगळीकडे उजेड फेकते, मागचा चंदेरी वाडगा तो गोळा करून पुढे टाकतो. काही एल.ई.डी.मध्ये फक्त टोकाला दाणे असतात. त्यांचा उजेड नाकासमोर सरळ जातो. बरोबर मागे उभे राहिले तर डोळे दिपतात आणि चार पावले बाजूला सरकले तर दिवा नाहीसा होतो. वळणावर मागून येणारा नेमका बाजूलाच असतो. म्हणून अंगभर दाणे असलेला बल्ब घ्यावा.

चार. मंद आणि प्रखर यांत ठळक फरक हवा, आणि हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या बल्बमध्ये ५ आणि २१ वॅट, म्हणजे चौपटीहून अधिक अंतर. स्वस्तातल्या काही एल.ई.डी.मध्ये दोन्ही उजेड जवळजवळ सारखेच असतात. मालक खूश, कारण दिवा झगझगीत. पण मागच्याला कळणार कसे की याने ब्रेक दाबला? जो दिवा कायम ओरडतो, त्याचे ओरडणे कोणी ऐकत नाही. असा झगझगीत दिवा मंद पण नीट चालणाऱ्या जुन्या दिव्यापेक्षा घातक.

इंडिकेटर का लुकलुकत नाही?

एल.ई.डी. लावल्यावर गॅरेजमध्ये सर्वांत जास्त तक्रार येते ती ही. इंडिकेटर लावला तर एकतर दिवा नुसता पेटून राहतो, किंवा भलत्याच घाईने टिकटिक करतो. दोष एल.ई.डी.चा नाही, फ्लॅशरचा आहे. जुन्या फ्लॅशरच्या डबीत वीज जाताना एक पट्टी तापते, वाकते, वीज तोडते, थंड होते, पुन्हा जोडते. टिकटिक होते ती यामुळे. पुढचा आणि मागचा असे दोन बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर वीज जाईल असा तिचा हिशेब. एल.ई.डी. लावल्यावर जाते अर्धा अँपिअर. पट्टी तापतच नाही. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला वाटते की एक बल्ब उडाला, म्हणून तो घाई करून चालकाला इशारा देतो.

यावर उपाय दोन. बरा उपाय म्हणजे एल.ई.डी.साठीचा फ्लॅशर बसवणे. त्याला बहुधा अर्थिंगची एक जादा वायर असते, ती बॉडीला जोडायला विसरू नये. दुसरा उपाय म्हणजे दिव्याला समांतर रेझिस्टन्स जोडून खोटा भार दाखवणे. बाजारात यासाठी सहा ओहमचा रेझिस्टन्स मिळतो. १२ व्होल्टवर तो दोन अँपिअर, म्हणजे २४ वॅट खातो. जी वीज वाचवायची ती पुन्हा उष्णतेत घालवायची, हा व्यवहार आम्हाला तरी पटत नाही. शिवाय तो इतका तापतो की बोट भाजते. लावायचाच झाला तर पत्र्यावर स्क्रूने बसवावा. वायरच्या जुडग्याला किंवा प्लास्टिकला बांधू नये.

आणखी एक कोडे. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर डाव्या-उजव्या दोन्ही इंडिकेटरसाठी एकच छोटा दिवा असतो. त्याची एक वायर डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला. चारी ठिकाणी एल.ई.डी. लावले की या दिव्यातून जाणारी थोडीशी वीजही समोरच्या बाजूला पुरते आणि एक इंडिकेटर लावला की चारही पेटतात. अशा वेळी त्या छोट्या दिव्याची एक वायर अर्थला घेऊन दोन डायोड जोडावे लागतात. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

स्कूटर आणि जुन्या इंग्रजी गाड्या

एल.ई.डी.ला विजेची दिशा लागते. धन-ऋण उलटे झाले तर तो पेटत नाही. फियाटमध्ये बॅटरीचे ऋण टोक बॉडीला असते, त्यामुळे बाजारातला नेहमीचा एल.ई.डी. चालतो. जुन्या काही इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत धन टोक बॉडीला असते. तेथे दोन्ही दिशांनी चालणारा एल.ई.डी. मागावा. जुन्या स्कूटर आणि काही मोटारसायकलींत सहा व्होल्टची व्यवस्था असते, आणि कित्येक ठिकाणी दिव्याची वीज बॅटरीतून न येता थेट मॅग्नेटोतून येते. ती ए.सी. असल्याने एल.ई.डी. फडफडतो आणि इंजिनाचा वेग वाढला की व्होल्टेज चढून उडतोही. आधी मीटर लावून पाहावे, मग खिशात हात घालावा.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागच्या दिव्याची अपेक्षा स्पष्ट दिली आहे. लाल दिवा मागून १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. नंबरप्लेटवर पांढरा उजेड हवा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. गाडीच्या पुढून लाल दिवा दिसता कामा नये. मागून लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. इंडिकेटर, नंबरप्लेट, रिव्हर्सचा दिवा असे थोडे अपवाद सोडून. मागे निळे, जांभळे, पळणारे दिवे लावणाऱ्या तरुण मित्रांनी एवढे वाक्य पाठ करावे. ब्रेक दाबल्यावर थुई-थुई नाचणारा दिवा मागच्याला इशारा देत नाही, गोंधळात टाकतो.

गाडीच्या नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही. म्हणून दिव्याची जागा, काच, रंग आणि संख्या आहे तशीच ठेवावी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. जुने बल्ब व जुना फ्लॅशर डबीत जपून ठेवावा. तपासनीसाने हरकत घेतली तर अर्ध्या तासात मूळचे बसवता येते.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम काढले. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी ही त्यातली अट, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढायची नाही हीही अट. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांनी पाहिली आहे. अशी गाडी हा ठेवा असतो, तिच्या दिव्यांना हात लावू नये. परंतु जी गाडी रोज बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्याला जाते, ती मागच्याला दिसली पाहिजे, हे आधी.

आईचा पाय, बहिणीचा डोळा

दिवे लावून झाले की खरी परीक्षा. ती एकट्याने होत नाही, याला घर लागते. ओळखीच्या त्या घरात आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गाडी तिने आयुष्यात चालवली नव्हती, पण ब्रेकवर पाय ठेवायला काय लागते? मुलगी मागे तीस पावलांवर उभी राहिली.

‘‘आई, दाब गं ब्रेक!’’

‘‘दाबलाय की!’’

‘‘डावा पेटला. उजवा तसाच हाय बघ, फरकच कळंना.’’

उजव्या बाजूच्या एल.ई.डी.चा मंद आणि प्रखर उजेड सारखाच होता. जोडी विकत घेतली तरी दोन्ही बल्ब सारखे निघतीलच असे नाही. तो बदलून आणला, मगच गाडी रस्त्यावर आली. बल्ब मुलाने बसवले, तरी दोष सापडला तो मुलीच्या डोळ्यांना. कारण ती योग्य जागी, म्हणजे मागे उभी होती.

ही परीक्षा तीन वेळा घ्यावी. भर उन्हात ब्रेकचा दिवा कळतो का? तिन्हीसांजेला मंद आणि प्रखर यांतला फरक कळतो का? अंधारात दोन्ही बाजूंना चार-चार पावले सरकूनही दिवा दिसतो का? तिन्हीचे उत्तर ‘होय’ आले तर काम झाले.

ट्रॉलीचे काय?

फियाटवाल्याने एवढी काळजी घेतली, आणि पुढे उसाची ट्रॉली अंधारात दिव्याविना उभी असेल तर? म्हणून हाच विषय ट्रॉलीपर्यंत नेणे भाग आहे. तोच १२ व्होल्टचा हिशेब, तोच लाल उजेड. फरक एवढाच की, ट्रॉलीचा दिवा पुष्कळदा नसतोच, आणि असला तर लोंबणाऱ्या वाड्याखाली झाकून जातो.

पुन्हा हिशेब मांडू. ताशी ६० च्या वेगातल्या मोटारसायकलवाल्याला अडथळा दिसल्यावर हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर १६ मीटर संपले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण छत्तीस. दिव्याविना उभी असलेली ट्रॉली त्याला तीस मीटरवर दिसली, तर उरलेल्या सहा मीटरांची भरपाई तो कशाने करणार? तोच लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला असता, तर त्याला नुसता वेग कमी करून बाजूने जाता आले असते. या हिशेबात मागच्याचा दोष कोठेही नाही.

ट्रॉलीसाठी पाणी न शिरणारे, बंद डबीचे एल.ई.डी. दिवे मिळतात. तार नसल्याने शेतातल्या दणक्यांनी ते उडत नाहीत. ऊस लोंबणार नाही अशा जागी ते बसवावेत, दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीपर्यंत वायर न्यावी. आणि दिवे लावले तरी रिफ्लेक्टर हवेतच. रिफ्लेक्टरला ना वायर, ना बॅटरी. मागच्याचाच उजेड तो त्याला परत पाठवतो. ट्रॅक्टर बंद पडला, बॅटरी उतरली, तरी रिफ्लेक्टर आपले काम करत राहतो. मात्र त्यावरचा चिखल रोज पुसावा लागतो. बैलगाडीलाही हाच उपाय. ट्रॅक्टरचालक आणि ऊसतोड मजूर आपल्यासारखेच हातावर पोट असलेले. रात्रीच्या रस्त्यावर त्यांचाही जीव टांगणीला असतो. त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा ट्रॉलीमालकाकडे आणि कारखान्याच्या शेती विभागाकडे आग्रह धरणे योग्य. ‘दिवा आणि रिफ्लेक्टर नाही तर ट्रॉली भरायची नाही’ एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

आपण काय करावे?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे असो की कोणाच्या लग्नाला, आपल्या वस्तीतली माणसे भाड्याची जीप-टेम्पो करून रात्रीचाच प्रवास करतात, कारण दिवसाची मजुरी बुडवून चालत नाही. गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, सीट मोजतो. यापुढे निघण्यापूर्वी आणखी एक मिनिट काढावे. चालकाला ब्रेक दाबायला सांगावे आणि आपल्यापैकी एकाने मागे जाऊन पाहावे. दिवा पेटत नसेल तर बल्ब बदलेपर्यंत गाडीत बसू नये. बल्ब स्वस्त आहे, बाजारात सहज मिळतो आणि बसवायला पाच मिनिटे लागतात.

तरुण मंडळांना आमची विनंती आहे. उसाच्या हंगामाच्या तोंडाला एका रविवारी संध्याकाळी गावच्या फाट्यावर जमा. हातात कोरडे फडके, पॉलिश पेपर, टेस्ट लॅम्प आणि पाच-दहा बल्ब असू द्या. येणाऱ्या मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो यांचे मागचे दिवे पुसा, होल्डर घासा, गेलेला बल्ब बदला. आय.टी.आय.च्या मुला-मुलींना हाताला काम मिळेल आणि लोकांना सवय लागेल. प्रत्येक गाडीला एल.ई.डी. लागलाच पाहिजे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. साधा बल्ब असला तरी चालेल, तो पेटला पाहिजे आणि ब्रेक दाबल्यावर ठळक झाला पाहिजे. मागून येणारा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पाळी संपवून निघालेला आपल्याच गल्लीतला मुलगाही तो असू शकतो.